स्वर आणि लहर : १९४२च्या काँग्रेस रेडिओच्या यंत्रजोडणीचा इतिहास

१

नागपूरच्या ईशान्येस कन्हान नदीच्या एका काठी कामठीची लष्करी छावणी आणि दुसऱ्या काठी कन्हान हे गाव आहे. छावणीची स्थापना १८२१ साली झाली. नागपुराहून हावड्याकडे जाणारा लोहमार्ग येथेच नदी ओलांडतो. सैन्य व आगगाडी ही ब्रिटिश सत्तेची दोन बलवान साधने या ठिकाणी अगदी एकमेकांशेजारी उभी होती. तिसरे साधन मात्र १९४२ साली या प्रांतात नव्हते. मध्य प्रांत व वऱ्हाड या विस्तीर्ण मुलखाला स्वतःचे नभोवाणी केंद्र नव्हते. नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले ते स्वातंत्र्यानंतर, १६ जुलै १९४८ रोजी. तोपर्यंत कन्हानकाठच्या श्रोत्याला बातमी ऐकावयाची तर मुंबई, दिल्ली वा परदेशी केंद्रांच्या लघुलहरींवरच विसंबावे लागे.

याच प्रांतातील दोन गावे त्या वर्षी देशभर गाजली. चांदा जिल्ह्यातील चिमूर व वर्धा जिल्ह्यातील आष्टी येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी जमाव आणि पोलीस यांच्यात रक्तपात झाला. चिमूरला त्यानंतर सैन्य पाठविण्यात आले आणि तेथे स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पुढे आल्या. वृत्तपत्रांवर युद्धकालीन नियंत्रण असल्यामुळे या घटनांचे वृत्त मोकळेपणाने छापता येत नव्हते. आचार्य भणसाळी यांनी चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण आरंभिले, तेव्हा त्या उपोषणाच्या बातमीवरही निर्बंध आले. अशा वेळी चिमूर आणि आष्टी ही नावे ज्या मोजक्या साधनांनी उच्चारली, त्यांत मुंबईतील एका गुप्त केंद्राची गणना होते. ते केंद्र म्हणजे काँग्रेस रेडिओ.

काँग्रेस रेडिओची कथा सामान्यतः धैर्याची कथा म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिला दुसरीही एक बाजू आहे, व ती यंत्राची आहे. हे केंद्र कोणत्याही एका ठिकाणी तयार मिळालेले नव्हते. भारतात परस्परांपासून बव्हंशी वेगळ्या वाढलेल्या दोन यंत्रपरंपरा त्यात एकत्र आल्या होत्या. एक परंपरा हौशी नभोवाणीकारांची. तिने लहर दिली. दुसरी सभा, अधिवेशने आणि ध्वनिमुद्रण यांची सामग्री पुरविणाऱ्यांची. तिने स्वर दिला. या दोहोंचा सांधा कसा जुळला, त्या सांध्याने केंद्राला कोणते बळ दिले आणि कोणती दुर्बलता त्याच्या माथी मारली, याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

प्रथम लहरीची परंपरा पाहू. भारतातील पहिले हौशी नभोवाणीकार म्हणून अमरेंद्रचंद्र गुप्तू यांचे नाव घेतले जाते. त्यांना १९२१ साली परवाना मिळाला. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित करण्यास प्रारंभ केला. पुढे १९२७ साली मुंबईत रीतसर नभोवाणी कंपनीचे केंद्र उभे राहिले आणि व्यावसायिक ध्वनिक्षेपण व हौशी प्रयोग यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. हौशी मंडळींची संख्या अल्पच राहिली. १९३०–४०च्या दशकाच्या मध्यावर देशात पन्नासांहूनही कमी परवानाधारक होते आणि त्यांतही इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांचा भरणा अधिक होता.

हौशी केंद्राचे स्वरूप त्याच्या कार्यावरून ठरले होते. एका खोलीत एका मेजावर घरी बांधलेले प्रेषकयंत्र, शेजारी ग्राहकयंत्र, समोर तारायंत्राची कळ आणि असलाच तर एखादा स्वस्त मायक्रोफोन, एवढीच त्याची सामग्री असे. बोलणारा आणि यंत्र चालविणारा एकच असे. आवाजाच्या गोडव्याची त्याला फारशी पर्वा नसे. पलीकडच्या हौशी मित्राला शब्द ओळखू आले की काम भागले. त्याचे सारे कौशल्य लहरीची स्थिरता, तारेची लांबी आणि थोड्या शक्तीत अधिक पल्ला यांत खर्च होई.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने नवे परवाने देणे थांबविले आणि हौशी मंडळींना आपली प्रेषकयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी आदेश दिले. यंत्रे गेली, परंतु ज्ञान स्वाधीन करता येत नाही. मुंबईतील नरीमन प्रिंटर हे अशा जाणकारांपैकी एक होते. युद्धाच्या आरंभीच्या काळात त्यांनी ‘आझाद हिंद रेडिओ’ या नावाने गुप्त प्रक्षेपणाचा प्रयत्न केला होता व त्यापायी त्यांना अटकही झाली होती. काँग्रेस रेडिओसाठी प्रेषकयंत्राची उभारणी करून घेताना कार्यकर्ते त्यांच्याचकडे गेले. हौशी नभोवाणीच्या परंपरेत या संदर्भात बॉब तन्ना यांचेही नाव घेतले जाते.

आता स्वराची परंपरा. राष्ट्रीय चळवळ जसजशी लोकांत पसरली, तसतसा वक्त्याच्या कंठाचा प्रश्न बिकट होत गेला. हजारोंच्या सभेत शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्यासाठी पूर्वी मधे मधे माणसे उभी करून वाक्ये पुढे सांगावी लागत. या अडचणीवर उपाय केला तो मुख्यतः ‘शिकागो रेडिओ’ या नावाने प्रसिद्ध पावलेल्या मोटवाने यांच्या व्यवसायाने. सिंधमध्ये आरंभ होऊन मुंबईत स्थिरावलेल्या या संस्थेने १९३१च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना मायक्रोफोन, ध्वनिवर्धक आणि कर्णे पुरविले. नानक मोटवाने यांनी हे काम व्यवसाय म्हणून जितके केले, तितकेच निष्ठेनेही केले. वक्त्यापुढील मायक्रोफोनवर झळकणारी या संस्थेची पाटी त्या काळच्या छायाचित्रांत वारंवार दिसते. भाषणांचे ध्वनिमुद्रण करून ठेवण्याचेही काम याच संस्थेने केले. ज्या अधिवेशनात ‘भारत छोडो’चा ठराव झाला, त्या मुंबईच्या ७ व ८ ऑगस्ट १९४२च्या बैठकीचाही त्यात समावेश होतो.

सभेचा तंत्रज्ञ आणि हौशी नभोवाणीकार यांच्या प्रवृत्तींतील भेद येथे ध्यानी घेतला पाहिजे. सभेच्या तंत्रज्ञाचे लक्ष आवाजावर असे. वक्ता मायक्रोफोनपासून दूर सरकला, वारा सुटला, कर्ण्यातून शीळ घुमू लागली, तर काय करावे, हे त्याला हाताच्या सवयीने ठाऊक असे. परंतु आपला आवाज मैदानाच्या कुंपणापलीकडे नेण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. हौशी नभोवाणीकारापाशी सातासमुद्रापलीकडे जाणारी लहर होती, परंतु तिच्यावर चढविण्यायोग्य स्वर नव्हता. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावी अशीच ही परिस्थिती होती.

३

तथापि या दोन यंत्रांची जोडणी म्हणजे दोन तारांना गाठ मारणे नव्हे. त्यात चार अडचणी होत्या, आणि त्या समजल्याशिवाय त्या काळच्या तंत्रज्ञाच्या कामाचे मोल कळत नाही.

पहिली अडचण संरोधाची. हौशी मंडळी बहुधा कार्बनचा किंवा स्फटिकाचा मायक्रोफोन वापरीत. कार्बनच्या मायक्रोफोनला घटमालेची जोड लागे. त्याचा आवाज जोरकस, पण खरखरीत असे. स्फटिकाच्या मायक्रोफोनचा संरोध लक्षावधी ओहमांचा असल्यामुळे त्याची तार लांब नेता येत नसे. ती वाटेतच विजेच्या दिव्यांची गुणगुण टिपून घेई. उलटपक्षी ध्वनिमुद्रणगृहातील व सभेतील चांगले मायक्रोफोन गतिमान वेटोळ्याचे किंवा पातळ धातुपट्टीचे असत. त्यांचा संरोध काही शेकडा ओहमांपलीकडे जात नसे, त्यामुळे तार लांब नेता येई. परंतु त्यांचा विद्युत्‌दाब अतिशय क्षीण असे. असा मायक्रोफोन प्रेषकयंत्राच्या पहिल्या व्हॉल्व्हला सरळ जोडला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मधे रोहित्र घालावे लागते. २०० ओहमांचा मायक्रोफोन ५०,००० ओहमांच्या मुखाशी जुळवावयाचा, तर संरोधांचे प्रमाण २५० पट होते. आणि रोहित्राच्या वेढ्यांचे प्रमाण त्याच्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १६ पट ठेवावे लागते. एवढी साधी वाटणारी गोष्ट चुकली, तर उत्तम मायक्रोफोन निरुपयोगी ठरतो.

दुसरी अडचण शक्तीची. त्या काळच्या पद्धतीत प्रेषकाच्या अखेरच्या व्हॉल्व्हला मिळणाऱ्या विद्युत्‌दाबावर आवाजाचे चढउतार लादून ते लहरीवर चढवीत. लहर पूर्णपणे स्वरांकित व्हावयाची, तर त्या व्हॉल्व्हला मिळणाऱ्या शक्तीच्या निम्मी शक्ती आवाजाच्या बाजूने द्यावी लागते. म्हणजे १०० वॉट शक्ती घेणाऱ्या प्रेषकाला ५० वॉटांचा ध्वनिवर्धक हवा. एकट्या हौशी माणसाला हा खर्च डोईजड होई. परंतु मोठ्या मैदानी सभेत कर्ण्यांना जोडण्याचा ध्वनिवर्धक साधारण याच तोलामोलाचा असतो. १९३६ साली बाजारात आलेला ‘सिक्स एल सिक्स’ हा व्हॉल्व्ह आणि त्याचा जातभाई ‘८०७’ हे तर सभेच्या ध्वनिवर्धकात आणि हौशी प्रेषकात सारखेच चालत. दोन परंपरा वेगळ्या असल्या तरी त्यांचे सुटे भाग एकाच दुकानात मिळत होते. सांधा जुळण्याची भौतिक शक्यता येथे होती.

तिसरी अडचण पातळीची. आवाज कमी पडला तर तो खरखरीत बुडतो. अधिक झाला तर लहर क्षणोक्षणी तुटते, शब्द फाटतात आणि त्यांचे तुकडे शेजारच्या लहरींवर सांडतात. रीतसर केंद्रात यावर नजर ठेवण्यास स्वतंत्र माणूस व मापक असतो. गुप्त केंद्रात हे काम कानानेच करावे लागणार. चौथी अडचण सर्वांत खोडसाळ. प्रेषकाची प्रबळ लहर त्याच खोलीतील मायक्रोफोनच्या तारेत शिरते, पहिल्या व्हॉल्व्हमध्ये तिचे पुन्हा आवाजात रूपांतर होते आणि यंत्र स्वतःलाच ऐकू लागून किंचाळू लागते. तारेवर धातूचे वेष्टण, नीट भूसंपर्क आणि प्रेषक व मायक्रोफोन यांत अंतर, हे त्यावरचे उपाय. भाड्याच्या सदनिकेत, दार लावून, शेजाऱ्यांना पत्ता लागू न देता चालविलेल्या केंद्रात अंतर कोठून आणावयाचे?

४

काँग्रेस रेडिओच्या चालकांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्यातच या केंद्राचे वैशिष्ट्य आहे. त्यांनी बोलण्याची जागा आणि प्रक्षेपणाची जागा एकमेकींपासून वेगळ्या केल्या. उषा मेहता या त्या वेळी बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी होत्या व पुढे राज्यशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. त्यांनी नंतरच्या काळात या केंद्राचे वर्णन करताना स्वतःचे प्रेषकयंत्र, स्वतःचे प्रक्षेपणस्थान, स्वतःचे ध्वनिमुद्रणस्थान, स्वतःची ओळखघोषणा आणि स्वतःची तरंगलांबी अशा पाच गोष्टी आवर्जून मोजल्या आहेत. या यादीत ध्वनिमुद्रणस्थानाला मिळालेले स्वतंत्र स्थान अर्थपूर्ण आहे. भाषणे व निवेदने एका ठिकाणी तबकडीवर मुद्रित होत. ती तबकडी प्रक्षेपणाच्या ठिकाणी नेण्यात येई आणि तेथे सुईखाली फिरे. आरंभी ‘हिंदोस्ताँ हमारा’ आणि अखेरीस ‘वंदे मातरम्’ यांच्या मुद्रिका वाजत. हे केंद्र भारतातील कोठल्यातरी ठिकाणाहून बोलत आहे, एवढीच ओळख श्रोत्यांना दिली जाई.

या एका योजनेने अनेक गोष्टी साधल्या. तांत्रिक दृष्ट्या पाहता, उत्तम मायक्रोफोन जेथे त्याचे रोहित्र व ध्वनिवर्धक सिद्ध होते तेथेच राहिला. प्रक्षेपणाच्या खोलीत त्याची लांब तार आली नाही, त्यामुळे प्रेषकाच्या लहरीने तीत शिरून शीळ घालण्याचा संभवही उरला नाही. रस्त्यावरच्या फेरीवाल्याची आरोळी किंवा जिन्यातील पावले लहरीवर चढली नाहीत. तबकडीवरून येणाऱ्या आवाजाची पातळी मुद्रणाच्या वेळीच ठरून गेलेली असल्यामुळे ऐनवेळी धावपळ करावी लागली नाही. मर्यादाही होत्याच. दर मिनिटास ७८ फेरे घेणारी तबकडी तीन-चार मिनिटांत संपते, त्यामुळे दीर्घ भाषणाचे तुकडे पाडावे लागतात. तथापि जी पद्धत मोठ्या नभोवाणी केंद्रांत सोयीसाठी रूढ झाली, ती येथे जीवितरक्षणासाठी उपयोगी पडली.

राजकीय दृष्ट्या तर तिचे महत्त्व याहूनही मोठे होते. डॉ. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते या केंद्राशी संबद्ध होते. लोहियांनी विखुरलेल्या गटांना एकत्र आणून केंद्राला दिशा दिली. हौशी पद्धतीचे केंद्र असते, तर वक्त्याला प्रेषकयंत्राच्या खोलीतच येऊन बसावे लागले असते, आणि धाड पडताच वक्ता व यंत्र दोन्ही एकदम हाती लागली असती. तबकडीमुळे आवाज यंत्रापर्यंत आला, माणूस आला नाही. नोव्हेंबरात केंद्र पकडले गेले तेव्हा हे दोघेही सापडले नाहीत. लोहियांना अटक झाली ती १९४४ साली. अच्युतराव तर अखेरपर्यंत पोलिसांच्या हाती लागलेच नाहीत. याचे सारे श्रेय तबकडीला देणे अतिशयोक्तीचे होईल. तथापि केंद्राच्या रचनेनेच स्वर आणि लहर यांची फारकत केली होती, ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही.

या कार्याचा आर्थिक भार मुख्यतः बाबूभाई ऊर्फ विठ्ठलदास खाकर यांनी उचलला. चंद्रकांत झवेरी आणि विठ्ठलदास झवेरी हे त्यांचे सहकारी होते. इंग्रजीतील निवेदनासाठी कूमी दस्तूर यांचे साहाय्य झाले. बातम्या खास निरोप्यांकरवी देशभरातून मुंबईत येत. चितगावावरील बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, बलियातील घटना यांच्याबरोबर चिमूर व आष्टी यांचेही वृत्त असेच मुंबईस पोहोचले आणि तबकडीवरून लहरीवर चढले. विदर्भातील खेड्यात घडलेली घटना मुंबईच्या सदनिकेतून पुन्हा विदर्भाच्या आकाशात परत आली, असा हा प्रवास होता.

५

हा आवाज विदर्भापर्यंत पोहोचण्याजोगा होता काय, या प्रश्नाचे उत्तर तरंगलांबीत सापडते. केंद्राची तरंगलांबी ४२.३४ मीटर म्हणून प्रसिद्ध आहे. कंपनसंख्येच्या भाषेत ती ७.०८ मेगाहर्ट्‌झ होते. हौशी नभोवाणीच्या काही वृत्तांतांत ७.१२ मेगाहर्ट्‌झ हा आकडा येतो. कोणताही आकडा घेतला तरी निष्कर्ष एकच निघतो. ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा १९३८च्या कैरो येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने हौशी मंडळींकडेच राखून ठेवला होता. म्हणजे काँग्रेस रेडिओचे प्रेषकयंत्रच हौशी परंपरेतले होते असे नव्हे, तर त्याची आकाशातील जागाही हौशी मंडळींचीच होती. परवाने रद्द झाल्यामुळे भारतात तो पट्टा ओस पडला होता. त्या ओस पडलेल्या वाड्यात काँग्रेस रेडिओने बिऱ्हाड केले. शेजारीच ४१ मीटरांचा सार्वजनिक पट्टा असल्यामुळे, लघुलहरी ऐकू शकणाऱ्या घरगुती ग्राहकयंत्राचा काटा थोडा सरकविला की तेथे पोहोचता येई.

या लहरीचा स्वभावही कार्याला अनुकूल होता. जमिनीला बिलगून जाणारा तिचा अंश काही दहा-वीस किलोमीटरांतच क्षीण होतो. वर गेलेला अंश वातावरणाच्या विद्युत्‌भारित थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरांवर उतरतो. दिवसा खालचा थर तिला शोषून घेतो, सूर्यास्तानंतर हे शोषण ओसरते. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे आणि सायंकाळी सात मेगाहर्ट्‌झच्या लहरीस ते एका उडीचे अंतर आहे. केंद्राचे प्रक्षेपण आरंभी दोन वेळा आणि पुढे सायंकाळी एकदाच, साडेसात ते साडेआठच्या सुमारास होई. ही वेळ श्रोत्यांच्या सोयीची होती आणि लहरीच्या दृष्टीनेही योग्य होती. केंद्राचा आवाज ब्रह्मदेशापर्यंत ऐकू गेल्याचे सांगितले जाते.

लहरीचा हाच स्वभाव पाठलाग करणाऱ्यांनाही बांधून ठेवीत होता. आकाशातून उतरलेल्या लहरीवरून दूरच्या केंद्राची दिशा ढोबळ मानाने कळते. नेमके घर शोधावयाचे तर जमिनीलगतच्या लहरीच्या टापूत, म्हणजे त्याच शहरात, शोधयंत्र घेऊन हिंडावे लागते. पोलिसांची शोधगाडी मुंबईत हिंडत होतीच. म्हणून केंद्राने वारंवार मुक्काम हलविला. चौपाटीवरील ‘सी व्ह्यू’, लॅबर्नम रस्त्यावरील ‘अजित व्हिला’, सँडहर्स्ट रस्त्यावरील ‘लक्ष्मी भवन’, गिरगावातील पारेख वाडी आणि अखेरीस महालक्ष्मी मंदिराजवळचा ‘पॅराडाइज’ बंगला, असा हा प्रवास आहे. प्रत्येक स्थलांतरात तार नव्याने ताणावी लागे आणि सांधा नव्याने जुळवावा लागे. हे काम कार्यकर्त्याच्या निष्ठेने होण्यासारखे नव्हते. त्याला तंत्रज्ञाचा हात लागे.

६

येथेच केंद्राच्या दुर्बलतेचे मूळ होते. निवेदक बदलता येत होते, जागा बदलता येत होती, पैसा एकाने नाही तर दुसऱ्याने उभा केला असता. परंतु यंत्र बांधणारे व स्वर-लहरीचा सांधा जुळविणारे हात मोजके होते, आणि त्यांना सर्व जागा ठाऊक असणे अपरिहार्य होते. इतर सर्वांना एकमेकांपासून वेगळे ठेवणाऱ्या रचनेत तंत्रज्ञ हा एकच दुवा दोन्ही बाजूंना स्पर्श करीत होता.

१२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी केंद्र पकडले. योगायोग असा की, चिमूरसाठी भणसाळींचे प्रदीर्घ उपोषण आदल्याच दिवशी, ११ नोव्हेंबरला सुरू झाले होते. ते ६३ दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटले. पोलिसांना ठिकाण कळले ते शोधयंत्रामुळे नव्हे, तर नरीमन प्रिंटर यांच्याकडून, असे उषा मेहता यांच्या कथनात व नंतरच्या इतिहासलेखनात म्हटले आहे. त्या दिवशी अगोदर बाबूभाईंच्या कार्यालयावर धाड पडली होती. संकट दिसत असूनही उषा मेहता व चंद्रकांत झवेरी यांनी सायंकाळचे प्रक्षेपण टाळले नाही. पोलीस दारे फोडून आत आले, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची मुद्रिका फिरत होती, आणि ती थांबविण्यास आपण नकार दिला, अशी आठवण उषा मेहता यांनी सांगितली आहे. अखेरच्या क्षणीही खोलीत स्वर होता तो तबकडीचाच.

त्यानंतरच्या खटल्याचा निकाल मे १९४३मध्ये लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे आणि चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवाने निर्दोष सुटले. या निकालात इतिहासाच्या दृष्टीने एक सूक्ष्म गोष्ट आहे. स्वराची सामग्री ही मुळात कायदेशीर वस्तू होती. मायक्रोफोन, ध्वनिवर्धक व तबकडी कोणत्याही सभेस विकता येत. प्रेषकयंत्र मात्र परवान्यावाचून बाळगणे हाच गुन्हा होता. म्हणून दोन परंपरांचा सांधा कायद्याच्या दृष्टीनेही निर्णायक होता. त्याच्या एका बाजूला व्यापार होता, दुसऱ्या बाजूला राजद्रोह.

आणखी एक विसंगती नोंदविली पाहिजे. केंद्रावरून उच्चारलेले शब्द आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत, ते मुख्यतः सरकारी श्रवणयंत्रणेने उतरवून घेतलेल्या टिपणांमुळे. ज्यांनी तो आवाज दाबून टाकावयाचा, त्यांनीच तो लिहून जपला. केंद्राच्या आरंभाच्या तारखेविषयी मात्र मतभेद आहेत. काही कथनांत १४ ऑगस्ट, काहींत २७ ऑगस्ट, तर काहींत सप्टेंबरचा आरंभ असे दिवस येतात. चाचणी, पहिले प्रक्षेपण आणि पहिले नियमित प्रक्षेपण हे भिन्न दिवस असणे यंत्रोभारणीच्या दृष्टीने स्वाभाविक असल्यामुळे, हा भेद केवळ स्मृतिदोष मानण्याचे कारण नाही.

७

युद्ध संपल्यावर १९४६ साली हौशी मंडळींना तात्पुरते परवाने पुन्हा मिळू लागले. उषा मेहता यांची कारागृहातून सुटकाही त्याच वर्षीची. १९४८ साली महू येथील लष्करी संदेशवहन विद्यालयात हौशी नभोवाणीकारांची देशव्यापी संघटना स्थापन झाली, आणि त्याच वर्षी नागपूरला आकाशवाणीचे केंद्र आले. ज्या प्रांताची बातमी बाहेरच्या गुप्त लहरीला सांगावी लागली होती, त्याला स्वतःचा अधिकृत आवाज लाभला.

७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आजही हौशी मंडळींच्याच मालकीचा आहे, आणि भारतीय परवानाधारक तेथे एकमेकांशी बोलत असतात. यंत्रे बदलली. प्रेषक व ग्राहक आता एकाच पेटीत असतात. पूर्ण लहरीऐवजी तिची एकच बाजू पाठविण्याची पद्धत रूढ झाली असून, आवाजाला जेमतेम तीन किलोहर्ट्‌झांची रुंदी मिळते. परंतु ध्वनिमुद्रणगृहातील मायक्रोफोन व मिश्रणफलक अशा पेटीला जोडू पाहणाऱ्यासमोर जुनेच प्रश्न उभे राहतात. संरोध जुळवा, पातळी उतरवा, गुणगुण टाळण्यासाठी मधे रोहित्र घाला, लहर तारेत शिरू देऊ नका. विद्युत्‌धारित्राच्या जातीच्या मायक्रोफोनला लागणारा ४८ व्होल्टांचा दाब पेटीत जाणार नाही याची काळजी घ्या, ही तेवढी नव्या काळाची भर. आज हा सांधा हौसेचा व स्वरसौंदर्याचा विषय झाला आहे, हे त्या पिढीच्या श्रमाचे एक फळच म्हटले पाहिजे.

या विवेचनावरून असे दिसते की, काँग्रेस रेडिओ ही केवळ हौशी नभोवाणीची किंवा केवळ सभेच्या ध्वनियंत्रणेची निर्मिती नव्हती. दोन परंपरांच्या सांध्यातून ती जन्मली. स्वर आणि लहर यांना वेगळे ठेवल्यामुळे ती जगली आणि त्यांना जोडणाऱ्या दुव्यावर घाव बसताच ती संपली. कन्हानच्या काठी त्या पावसाळ्यात व नंतरच्या हिवाळ्याच्या तोंडावर छावणी होती, आगगाडी होती, आणि चिमूरच्या नावावर मौन लादलेले होते. ते मौन मोडण्यास लागलेली सामग्री फार मोठी नव्हती : एक मायक्रोफोन, एक तबकडी, एक रोहित्र आणि घरी बांधलेले प्रेषकयंत्र. ती एकत्र आणणाऱ्यांत निष्ठेचे पुजारी होते, व्यवसायाचे जाणकार होते आणि दुर्बल ठरलेला तंत्रज्ञही होता. चळवळीच्या इतिहासात पहिल्यांना मानाचे स्थान मिळाले आहे. यंत्राच्या इतिहासात उरलेल्या दोघांचीही नोंद, गुणदोषांसह, झाली पाहिजे. कारण त्यांच्या हातांवाचून चिमूरचे नाव त्या लहरीवर चढलेच नसते.